लिफ्टच्या दाराला नजर कशी आली

लिफ्टमध्ये शिरताना बहुतेकांच्या मनात भीती असते ती दोर तुटण्याची. मी आयुष्यभर मुंबईतल्या लिफ्टी दुरुस्त केल्या आणि आता आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलांना तेच काम शिकवतो. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगतो, दोराची भीती सोडा. केबिनला एक नाही, अनेक पोलादी दोर असतात. सगळेच गेले असं धरलं, तरी वेग वाढताच त्यावर लक्ष ठेवणारा गव्हर्नर खटका ओढतो आणि सेफ्टी गिअर केबिनला रुळांवर जखडून ठेवतो. माणूस जखमी होतो तो दारात. बोटं चेमटतात दारात, पदर अडकतो दारात, आणि केबिन समोर नसताना उघडलेल्या दारातून माणूस थेट खाली जातो. म्हणून लिफ्टचा इतिहास मी नेहमी दाराच्या बाजूने सांगतो.

दोराचा प्रश्न तसा लवकर सुटला. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उघड्या फलाटावर उभा राहिला, त्याने वरचा दोर तोडायला लावला आणि फलाट थोडासा घसरून जागीच अडकला. १८५७ साली त्याच शहरात ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. शाफ्टच्या, म्हणजे केबिन ज्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीच्या, तोंडाशी असलेलं दार मात्र माणसाच्या आठवणीवर चालत राहिलं. केबिन पुढच्या मजल्यावर गेली आणि मागचं दार लावायला कोणी विसरलं, की त्या मजल्यावर एक उघडी विहीर तयार व्हायची.

या उघड्या दाराचा विचार करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले अलेक्झांडर माइल्स यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. दुलुथ गावातले हे कृष्णवर्णीय गृहस्थ व्यवसायाने केशकर्तनकार. ११ ऑक्टोबर १८८७ रोजी त्यांना पेटंट मिळालं. केबिन मजल्यावर येता-जाता तिच्याच हालचालीने पट्टे आणि तरफा ओढल्या जाव्यात आणि शाफ्टचं दार आपोआप उघडावं, मिटावं, अशी ती योजना होती. दार ही विसरभोळ्या माणसावर सोडण्याची गोष्ट नाही, हे त्यांनी यंत्राच्या भाषेत मांडलं. आजही लिफ्टच्या बाहेरच्या दाराला स्वतःची मोटर नसते. केबिनचं दार त्याला पकडून आपल्याबरोबर सरकवतं. म्हणजे केबिन समोर असेल तेव्हाच बाहेरचं दार उघडायचं, हा विचार आजही तोच आहे.

योगायोग असा की त्याच १८८७ साली जर्मनीत कार्ल्सरूहला हाइनरिश हर्ट्झ यांना दिसलं की अतिनील प्रकाश पडला की दोन धातूंमधली ठिणगी सहज उडी मारते. त्यामागे प्रकाशाने धातूतून सुटणारे इलेक्ट्रॉन होते; ते का सुटतात याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला, आणि पुढे १९२१ चं नोबेल त्यांना मिळालं ते मुख्यतः त्या कामासाठी. माइल्स यांचं दार आणि हर्ट्झ यांचा प्रकाश हे दोन धागे लिफ्टच्या उंबरठ्यावर एकत्र यायला अजून बराच काळ जायचा होता.

मुंबईत लिफ्ट आली ती श्रीमंत हॉटेलांच्या वाटेने. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ती होती, १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलातही होती. शहराला वीज आणि विजेची ट्राम देणारी बीईएसटी कंपनी १९०५ साली स्थापन झाली, १९१५ च्या सुमारास खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली. मग १९३० च्या दशकात ओव्हल मैदानासमोर आणि मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली आणि लिफ्ट हॉटेलातून घरात आली. १९३९ साली बॉम्बे लिफ्ट्स अॅक्ट झाला. लिफ्ट बसवायला परवानगी, चालवायला लायसन आणि तपासणीला इन्स्पेक्टर, ही व्यवस्था तेव्हापासूनची. २०१७ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि सरकते जिनेही त्याच्या कक्षेत आले.

या इमारतींमधलं दार म्हणजे जाळीचं दार, आमच्या भाषेत कोलॅप्सिबल. उभ्या पोलादी पट्ट्या, त्यांना तिरकस जोडलेल्या कैच्या, वर रोलर, खाली उंबरठ्यातली खाच. ढकललं की खडखडत एका कडेला गोळा व्हायचं. अशी दोन दारं असायची, एक मजल्यावर, एक केबिनला. मजल्याच्या दाराला आतून कुलूप. केबिन मजल्यावर आली की तिच्यावर बसवलेला कॅम कुलपाचा रोलर दाबायचा आणि तेवढ्यापुरतं कुलूप सुटायचं. दोन्ही दारांना विजेचे कॉन्टॅक्ट, आणि सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकाच सिरीजमध्ये. एक दार बोटभर उघडं राहिलं तरी सर्किट तुटायचं आणि लिफ्ट जागची हलायची नाही.

ही व्यवस्था चांगली होती, पण अर्धीच होती. दार लागलं की नाही एवढंच कॉन्टॅक्टला कळतं. दारात कोण आहे हे त्याला कळत नाही. ते कळायचं लिफ्टमनला.

सरकारी कागदावर त्याला उद्वाहनचालक म्हणतात. खाकी कपडे, कोपऱ्यात लाकडी स्टूल, जुन्या लिफ्टमध्ये हातात पितळी हँडल. हँडल फिरवून केबिन मजल्याच्या पातळीला नेमकी आणून थांबवणं हे कसबाचं काम होतं आणि लोकांना तेवढंच दिसायचं. मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा आमचे फोरमन मला म्हणाले, "त्याच्या हाताकडे बघू नकोस, डोळ्यांकडे बघ." फोर्टमधल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत आमचं काम चालायचं. तिथले लिफ्टमन काका कोकणातले, बोलणं मोजकं. दार ओढायच्या आधी त्यांची नजर खाली उंबरठ्यावर जायची, मग कमरेच्या उंचीला, मग बाहेर पॅसेजमध्ये. "ताई, पदर सांभाळा." "बाळा, हात आत." लांबून काठी टेकत येणारे म्हातारे गृहस्थ दिसले की दार धरून आतल्यांना सांगायचे, "जरा थांबूया, आजोबा येतायत." आणि कोणी नुसतंच पॅसेजमधून पलीकडे चाललं असेल तर क्षणभरही न थांबता दार लावायचे. येणारा कोण आणि जाणारा कोण, हे त्यांना चालीवरून कळायचं.

हे चारही गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत: उंबरठ्यावरची वस्तू दिसणं, लहान मूल दिसणं, लांबून येणारा माणूस दिसणं, आणि उगाच न थांबणं. दाराच्या सेन्सरचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे हे चार गुण एकेक करून यंत्रात उतरवण्याचा खटाटोप आहे.

अमेरिकेत या खटाटोपाला जोर आला तो एका संपामुळे. २४ सप्टेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या लिफ्टमननी, दरवानांनी आणि इमारतींच्या इतर कामगारांनी काम बंद केलं. सुमारे १५,००० माणसं संपावर गेली आणि गगनचुंबी इमारतींचं शहर ठप्प झालं. बटणावर चालणाऱ्या लिफ्टी त्याआधी अर्धशतक अस्तित्वात होत्या, पण मोठ्या इमारतीत माणसाशिवाय लिफ्ट ही कल्पना लोकांना पटत नव्हती. संपानंतर मालकांनी ती मनावर घेतली. १९५० साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात अटलांटिक रिफायनिंगच्या इमारतीत ओटिस कंपनीने लिफ्टमन नसलेली ऑटोट्रॉनिक लिफ्ट बसवली.

लिफ्टमन काढायचा तर दाराला नजर हवी. पहिली नजर खरं तर स्पर्शाची होती. दाराच्या पुढच्या कडेला एक पट्टी असते, आम्ही तिला सेफ्टी शू म्हणतो. ती दारापेक्षा थोडी पुढे असते, कोणाला टेकली की मागे सरकते, आतला स्विच दबतो आणि दार उलटं फिरतं. काम चोख, पण आधी धक्का बसतो आणि मग दार थांबतं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. काठीवर तोल सांभाळणाऱ्या आजींना तेवढा धक्का पडायला पुरतो.

दुसरी नजर प्रकाशाची. १९३१ साली कनेक्टिकट राज्यातल्या वेस्ट हेवनमध्ये समुद्रकाठच्या एका रेस्टॉरंटला स्टॅन्ली कंपनीने प्रकाशकिरणावर चालणारं दार बसवलं होतं. हातात ट्रे घेतलेली वेट्रेस किरण ओलांडायची आणि दार आपोआप उघडायचं. तीच युक्ती लिफ्टच्या दाराला लागली. एका कडेला दिवा, समोर प्रकाश ओळखणारा फोटोसेल, किरण तुटला की दार थांबलं. धक्का न देता दार थांबवता येऊ लागलं, ही फार मोठी गोष्ट होती. पण किरण असायचे एक किंवा दोन, एक पोटरीच्या उंचीला, एक कमरेच्या. दोन्हींच्या मधून हात गेला, खालून रांगतं बाळ गेलं, तर दाराला पत्ता नसायचा. लिफ्टमन काकांचा पहिला गुण यंत्राला जेमतेम जमला होता, दुसरा अजून दूर होता.

मुंबईत मात्र सगळं उलट्या क्रमाने घडलं. अमेरिकेत दाराला थोडीफार नजर आली आणि मग लिफ्टमन गेला. आपल्याकडे लिफ्टमन आधी गेला. सोसायट्यांना त्याचा पगार परवडेना. हँडलच्या जागी बटणं आली आणि स्टूल रिकामं झालं. दार मात्र तेच जाळीचं राहिलं. लिफ्टमनचं काम त्या दिवसापासून प्रवाशांवर पडलं आणि ते कोणी कोणाला शिकवलं नाही.

मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्या या मधल्या काळात वाढल्या. गॅसचा सिलिंडर पोचवणारा वरच्या मजल्यावर दार उघडं टाकून जायचा, आणि खाली माणसं बटण दाबून दाबून शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडायची, "दार कोणी उघडं ठेवलंय? लावा हो!" मग दारावर खडूने लिहिलेल्या सूचना आल्या, त्यानंतर उघड्या दाराबरोबर वाजणारी ती रेकॉर्ड आली, "कृपया दरवाजा बंद करा." लोक त्या आवाजाला वैतागतात. मला त्याच्याबद्दल आदर आहे. त्याने लिफ्टमनचं एक वाक्य तरी जिवंत ठेवलं.

पण ओरडणं हा या काळातला किरकोळ त्रास होता. चालत्या केबिनच्या जाळीतून मुलं हात बाहेर काढायची आणि समोरून मजल्याचा स्लॅब यायचा. कैच्यांमध्ये बोटं यायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वैतागलेल्या रहिवाशांच्या सांगण्यावरून कोणी मेकॅनिक दाराचा कॉन्टॅक्ट शॉर्ट करून द्यायचा. मध्य मुंबईतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या लॉकचं झाकण मी उघडलं तर आत दोन टर्मिनलना जोडणारा निळ्या वायरचा एक तुकडा. बोटाएवढा. त्या तुकड्यामुळे दार उघडं असतानाही लिफ्ट चालत होती. तो तुकडा मी आजही प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात देतो आणि सांगतो, आपल्या धंद्यात माणूस मारायला एवढंच सामान लागतं.

दाराला खरी नजर आली ती इन्फ्रारेड एलईडीमुळे. तीही डॅलसचीच देणगी. १९६१ साली तिथल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बियार्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून अवरक्त प्रकाश बाहेर पडताना आढळला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तसा दिवा बाजारात आणला. तांदळाच्या दाण्यासारखा लहान, न तापणारा, डोळ्यांना न दिसणारा आणि सेकंदात हजारो वेळा लुकलुकू शकणारा दिवा हाताशी आल्यावर दाराच्या संपूर्ण उंचीभर अशा दिव्यांची रांग लावणं शक्य झालं. हाच लाइट कर्टन, प्रकाशाचा पडदा.

केबिनच्या दाराच्या दोन्ही कडांना बोटभर रुंदीच्या काळ्या पट्ट्या असतात, साधारण दोन मीटर उंच. एकीत दिवे, दुसरीत रिसीव्हर. दिवे एकदम लागत नाहीत. खालून वर एकेक लागतो आणि विझतो, आणि दर दिव्याच्या वेळी समोरचे अनेक रिसीव्हर पाहतात, सरळ समोरचाही आणि तिरके वरचे-खालचेही. त्यामुळे मोजक्या दिव्यांतून शंभराहून जास्त आडव्या-तिरप्या किरणांची जाळी विणली जाते. दिव्याची लुकलुक ठराविक लयीत असते, म्हणून रिसीव्हर उन्हाला फसत नाही. सगळी फेरी सेकंदाच्या छोट्याशा अंशात पुरी होते आणि पुन्हा सुरू होते. एकही किरण अडला की दाराच्या मोटरला उलट फिरण्याचा हुकूम. रांगत्या बाळाचा हात आता दिसतो.

नियमांनीही हे आकड्यांत बांधलं. युरोपच्या ईएन ८१-२० या २०१४ च्या मानकाप्रमाणे उंबरठ्यापासून २५ मिलिमीटर ते १६०० मिलिमीटर उंचीपर्यंतचा भाग पडद्याने व्यापला पाहिजे आणि ५० मिलिमीटर जाडीची वस्तू त्याला दिसली पाहिजे. बंद होणाऱ्या दाराचा जोर १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १५ किलोच्या भारापेक्षा, जास्त नको. चालत्या दाराची ऊर्जा १० ज्यूलच्या आत, आणि पडदा नादुरुस्त असेल तर बझर वाजवत, हळू, ४ ज्यूलच्या आत. नजर गेली तर चाल मंद करायची, हा नियम ज्याने लिहिला त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

सुरक्षित दार म्हणजे संथ दार, असा एक गैरसमज आहे. लिफ्टच्या फेरीत वेळ जातो तो धावण्यापेक्षा थांबण्यात. दार उघडायला दोन-अडीच सेकंद, मिटायला तीनेक, आणि मध्ये उघडं राहण्याचा वेळ. जेव्हा दाराला दिसत नव्हतं तेव्हा हा मधला वेळ सगळ्यांसाठी सारखा आणि जास्तीचा ठेवावा लागायचा. पडद्याला कळतं की शेवटचा माणूस उंबरठा ओलांडून आत आला, त्याच्यामागे कोणी नाही. मग दार लगेच मिटायला हरकत नसते. व्हीलचेअर हळू येत असेल तर किरण तुटलेलेच राहतात आणि दार थांबून राहतं. सकाळच्या गर्दीत वीस मजली ऑफिसमध्ये दर थांब्याला एक-दोन सेकंद वाचले की फरक रांगेत दिसतो. उगाच न थांबणं हा काकांचा चौथा गुण असा यंत्रात आला.

तिसरा गुण आत्ता कुठे येतो आहे. पडदा फक्त उंबरठा पाहतो, पॅसेज पाहत नाही. दाराच्या वर बसवलेले नवे सेन्सर प्रकाशाला वस्तूपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजून अंतर काढतात आणि समोरच्या जागेचा नकाशा घेतात. दाराकडे येणारा माणूस आणि समोरून नुसता जाणारा माणूस त्यांना वेगळे ओळखू येतात. अमेरिकेच्या २०१९ च्या लिफ्ट-संहितेने दाराकडे येणाऱ्यांना आधीच ओळखण्याची अपेक्षा ठेवली आहे. फोर्टमधल्या त्या पॅसेजमध्ये आजोबांसाठी धरलेलं दार आता यंत्रालाही धरता येऊ लागलं.

तरीही यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. ओढणीचं टोक, कुत्र्याच्या गळ्यातला बारीक पट्टा, दोरी, हे किरणांच्या जाळीतून निसटू शकतं. काचेच्या दाराला टेकवलेला मुलाचा तळहात दार उघडताना फटीकडे ओढला जातो, तो पडद्याच्या हद्दीबाहेर असतो. म्हणून कुत्रा आधी आत घ्या, मूल दारापासून मागे घ्या.

आणि नजर राखावी लागते. एखाद्या फ्लॅटचं काम निघालं की पीओपीची धूळ पट्ट्यांवर बसते, किरण अडतात आणि दार मिटेनासं होतं. पडदा आपलं कामच करत असतो, शंका आली की दार उघडं ठेवायचं. मऊ कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसल्या तर बहुतेक वेळा तक्रार मिटते. पण घाईतला रहिवासी म्हणतो, "सेन्सर काढूनच टाका." खाली उंबरठ्याच्या खाचेत खडी, हेअरपिन, काड्या, गजऱ्यातली सुकलेली फुलं साचतात, दार अडखळतं आणि दोष मोटरला दिला जातो. सामान चढवणारे दारात पुठ्ठा किंवा लाकूड अडकवून ठेवतात आणि दाराची चौकट वाकते.

माझं सोसायट्यांच्या सेक्रेटरींना सांगणं आहे. पुढच्या सर्व्हिसच्या दिवशी मेकॅनिकबरोबर दहा मिनिटं उभे राहा. दार मिटत असताना काठी आधी उंबरठ्यालगत, मग गुडघ्याच्या, मग छातीच्या उंचीला आडवी धरून दाखवायला सांगा. प्रत्येक वेळी दार काठीला न टेकता मागे फिरलं पाहिजे. एखाद्या मजल्याच्या लॉकचं झाकण उघडून आत शॉर्टची वायर नाही हे डोळ्यांनी बघा. दाराचा सेन्सर काढा असं सभेत कोणी म्हणालं तर ते मिनिट्समध्ये लिहा आणि त्याला ठाम नकार द्या. अजून जाळीचं दार असेल तर रंगरंगोटीच्या आधी दार बदलण्याचा ठराव मांडा. लिफ्टमनचा पगार आपण वाचवला. त्यातला थोडा हिस्सा दाराच्या नजरेवर दर वर्षी खर्च करणं हे सोसायटीचं साधं कर्तव्य आहे, आणि अंदाजपत्रकात त्याची जागा लॉबीच्या ग्रॅनाइटच्या वर असली पाहिजे.